टक्कल, शाम्पू आणि रेशनचा गहू

२०२५ सालच्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. वर्गात पृष्ठताण शिकवीत होतो. साबणाच्या पाण्याचा फुगा का टिकतो याची आकृती फळ्यावर काढून झाली, तोच मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, शेगावकडे शाम्पूनं तीन दिवसांत टक्कल पडून राहिलं म्हणतात. खरं आहे का?"

वर्गात हशा पिकला. पण हसणाऱ्यांपैकी दोघी-तिघींनी त्याच आठवड्यात शाम्पू वापरणे बंद केले होते, हे मला नंतर कळले. आमच्या भंडाऱ्यापासून शेगाव सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर. तरी बातमी येथवर येऊन पोचली होती.

मी "अफवा आहे" एवढे म्हणून पुढचे समीकरण लिहायला घेतले. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मला टोचू लागले. शाम्पूचा दोष नाही हे मला तरी कशावरून ठाऊक होते? तिने ऐकीव प्रश्न विचारला आणि मी तिला ऐकीव उत्तर दिले, एवढाच काय तो व्यवहार झाला. विद्यार्थी मित्रांनो, त्या दिवशी राहून गेलेले उत्तर आता देतो. ते थोडे लांब आहे.

शेगाव तालुक्यात काय घडले

बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत २०२४ च्या डिसेंबरअखेरीपासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. आधी डोक्याला खाज सुटे, मग केस राठ होत, आणि दोन-तीन दिवसांत केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात येऊ लागत. पुरुष, स्त्रिया, मुले, कोणीही त्यातून सुटले नाही. तरुण मुलींचे हाल तर विचारूच नका. कित्येकांनी उरलेले केस काढून सरळ मुंडण केले. पाहता पाहता आजाराचे लोण अनेक गावांत पोचले आणि वर्तमानपत्रांत "टक्कल व्हायरस" असे शब्द झळकू लागले.

कारण कोणालाच माहीत नव्हते. अशा वेळी कारणे पुष्कळ मिळतात! कोणी म्हणाले अज्ञात विषाणू, कोणी म्हणाले डोक्याच्या कातडीवरील बुरशी, कोणी पाण्याला दोष दिला. काही खाजगी डॉक्टरांनी शाम्पूवर संशय घेतला. संशय घेण्यात गैर काहीच नव्हते. केसांना रोज लागणारी, कारखान्यात बनलेली, घटकांची नावे वाचताच येत नाहीत अशी वस्तू म्हणजे शाम्पू. केस गळाले की पहिले बोट तिच्याकडेच जाणार.

पण मग एक साधी गोष्ट पुढे आली. ज्यांनी जन्मात कधी शाम्पू वापरला नव्हता, अशांचेही केस गळत होते.

येथे जरा थांबा आणि वहीत एक चौकोन काढून त्याचे चार घरांत भाग करा. पहिल्या घरात शाम्पू वापरणारे आणि केस गळालेले लोक लिहावयाचे. दुसऱ्यात शाम्पू वापरणारे पण केस शाबूत असलेले. तिसऱ्यात शाम्पू न वापरणारे तरी केस गळालेले, आणि चौथ्यात शाम्पू न वापरणारे व केस शाबूत असलेले. अफवा नेहमी पहिल्या घरावर जगते. "अमक्याने शाम्पू लावला आणि त्याचे टक्कल पडले" हे वाक्य खरेच असते, कारण शाम्पू लावणारी माणसे गावोगाव आहेत आणि त्यांतील काहींचे केस गळणारच. बाकीची तीन घरे कोणी विचारीत नाही. शेगावच्या प्रकरणात तिसऱ्या घरात माणसे होती. दुसरे घर तर खचाखच भरलेले होते, कारण दुकानोदुकानी मिळणारा शाम्पू उभा महाराष्ट्र वापरीत होता आणि त्याचे केस जागेवर होते.

पाण्याचेही असेच. तेथील पाण्याची तपासणी झाली तेव्हा नायट्रेट आणि विरघळलेले क्षार जास्त आढळले. लगेच "सापडले कारण" असा गलका झाला. परंतु शेगावचा परिसर पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. हा पट्टा अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतही पसरलेला आहे. खारे पाणी तेथील लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्या पिण्यात आहे. त्या पाण्याचे इतर दुष्परिणाम असतील, आहेतही. परंतु तीन दिवसांत टक्कल पाडण्याचा गुण त्याला एकाएकी २०२४ च्या डिसेंबरात कोठून आला?

गव्हापर्यंत कसे पोचले

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, पथके आली. रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर हेही स्वतंत्रपणे या प्रश्नाच्या मागे लागले. विंचूदंशावरील उपचारांमुळे हे नाव तुम्ही ऐकले असेल. कोकणात महाडला राहून त्यांनी ते काम केले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मराठवाड्यातील एका खेड्यात वाढलेल्या या डॉक्टरांनी प्रश्न उलट्या बाजूने धरला. डोक्याला काय लावले हे न विचारता, या सगळ्यांच्या पोटात काय गेले हे त्यांनी विचारले.

या कुटुंबांत एक समान गोष्ट होती: रेशनच्या दुकानातून आलेला गहू. त्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली तेव्हा त्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. सर्वसाधारण गव्हात ते १.९ मिलिग्रॅमपर्यंत असते. गहू धुऊन पाहिला तरी प्रमाण फारसे उतरले नाही. म्हणजे सेलेनियम दाण्याला वरून चिकटलेले नव्हते, ते दाण्याच्या आत होते. बावस्करांच्या अहवालानुसार १८ गावांतील २७९ लोकांना हा त्रास झाला, आणि त्यांच्यातील रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट आढळले. शरीरातील जस्त मात्र कमी झालेले होते. गहू पंजाबकडून आलेला होता. पंजाबच्या होशियारपूर व नवांशहर भागातील काही जमिनींत सेलेनियम फार आहे, हे तेथील कृषिशास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे.

पुढे एप्रिलमध्ये त्याच गावांतील काही लोकांची नखे ठिसूळ होऊन गळू लागली. शाम्पूने नखे कशी गळतील? सेलेनियमच्या विषबाधेत मात्र केसांपाठोपाठ नखांची पाळी येते, हे जुन्या ग्रंथांतूनही वाचावयास मिळते. चीनमधील एन्शी या भागात १९६१ ते १९६४ च्या दरम्यान असेच घडले होते. केस गेले, नखे गेली. आणि तेथील लोकांच्या पोटात दररोज सरासरी सुमारे ५ मिलिग्रॅम सेलेनियम जात होते, असा हिशेब चिनी शास्त्रज्ञांनी १९८३ साली प्रसिद्ध केला.

आता शेगावचा हिशेब आपण करू. समजा, एक माणूस दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खातो. ३०० ग्रॅम गव्हात १४.५२ च्या दराने ४.३६ मिलिग्रॅम, म्हणजे ४३६० मायक्रोग्रॅम सेलेनियम येईल. प्रौढ माणसाला दिवसाला लागते ५५ मायक्रोग्रॅम. होय, लागते! सेलेनियम अजिबात नसेल तरी माणूस आजारी पडतो. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत शरीर ते सोसते, असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी ठरविले आहे. युरोपातील तज्ज्ञांनी २०२३ साली ही मर्यादा २५५ वर आणली. आपला आकडा चारशेच्या अकरा पट आहे आणि एन्शीच्या आकड्याला अगदी लागून आहे. शेगावात त्या दिवसांत कोण किती पोळ्या खात होता हे मी मोजलेले नाही. तरी दोन्ही हिशेब इतके जवळ आलेले पाहून मी वहीवरची पेन्सिल खाली ठेवली.

(सेलेनियम हे आम्हा भौतिकीवाल्यांचे जुने स्नेही. १८१७ साली बर्झेलियसने ते शोधले व ग्रीक भाषेतील चंद्राच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. त्यावर प्रकाश पडला की त्याचा विद्युत्‌रोध कमी होतो, हे १८७३ मध्ये विलोबी स्मिथ याने जाहीर केले. प्रकाशविद्युत घट आणि झेरॉक्सच्या यंत्रांतील जुने ड्रम यांना त्याचाच आधार होता.)

तेच सेलेनियम बाटलीत

आता एक गंमत पाहा. डोक्यातील कोंड्यावर आणि अंगावरील शिब्यांवर डॉक्टर जो औषधी शाम्पू लिहून देतात, त्यांपैकी एका प्रकारात सेलेनियम सल्फाइड असते, शेकडा अडीच या प्रमाणात. म्हणजे १०० मिलिलिटरच्या बाटलीत अडीच ग्रॅम. सेलेनियमचा अणुभार ७९ आणि गंधकाचा ३२ धरला, तर त्या अडीच ग्रॅमांत सेलेनियम जवळजवळ १.४ ग्रॅम, म्हणजे १४०० मिलिग्रॅम भरते. शेगावच्या गव्हातून एवढे सेलेनियम मिळवायचे तर सुमारे ९६ किलो, जवळजवळ एक क्विंटल गहू लागेल.

एका बाटलीत क्विंटलभर विषारी गव्हाइतके सेलेनियम! या वाक्यातून उद्या उत्तम अफवा तयार होईल, आणि त्यातील आकडा खोटा नसेल. मग हा शाम्पू लावणाऱ्यांचे टक्कल का पडत नाही? पहिले कारण, सेलेनियम सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दुसरे, धडधाकट कातडी त्याला आत घेत नाही. तिसरे, पाच-दहा मिनिटांत आपण ते धुऊन टाकतो. गव्हातील सेलेनियम मात्र प्रथिनांत गुंफलेले असते. ते आतड्यातून सरळ रक्तात जाते, आणि तेही रोज, दोन्ही वेळच्या जेवणातून. तोच शाम्पू कोणी पिऊ लागला किंवा जखमेवर चोळू लागला, तर हिशेब बदलेल. म्हणून तर बाटलीवर तशी सूचना असते. उंदरांना सेलेनियम सल्फाइड पोटातून सतत दिल्यावर यकृतात गाठी झाल्या, असे १९८० साली अमेरिकेत आढळले होते. कातडीवर लावलेल्या उंदरांत तसे आढळले नाही.

थोडक्यात, "अमुक पदार्थात तमुक रसायन आहे" एवढे कळल्याने काहीच कळत नाही. किती आहे, कोणत्या वाटेने आत जाते, किती दिवस जाते, हे कळले पाहिजे.

गॅरेजची फरशी आणि आपले डोके

साध्या शाम्पूविषयीच्या अफवांचा राजा म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. १९९८ च्या सुमारास इंग्रजीत एक निनावी पत्र जगभर फिरू लागले. त्यात म्हटले होते की, या पदार्थाने गॅरेजची फरशी घासतात आणि तोच शाम्पूत फेसासाठी घालतात. त्याने कर्करोग होतो. १९८०च्या दशकात ८००० माणसांत एकाला कर्करोग होई, आता तिघांत एकाला होतो. पत्राची भाषांतरे झाली आणि आजही ते नवीन कपडे घालून मोबाइलवर येते.

गॅरेजचा मुद्दा तुम्हीच निकालात काढू शकाल. चुन्याने भिंत रंगवतात आणि तोच चुना विड्यालाही लावतात. म्हणून विडा खाणारा भिंत खात नाही. पाण्यानेही गॅरेज धुतातच. ८००० मध्ये एक हा आकडा तर १९८० सालीही खरा नव्हता. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने या पत्रातील दावा खोडून काढला आहे. सोडियम लॉरिल सल्फेटने कर्करोग होतो असा पुरावा मिळालेला नाही.

मग हा पदार्थ करतो काय? त्याच्या रेणूला बारा कार्बन अणूंची शेपटी असते. ती बहुधा खोबरेल किंवा पाम तेलाच्या बियांपासून मिळते. शेपटीला तेल आवडते आणि पाणी नको असते. रेणूच्या डोक्याला पाणी हवे असते. डोक्यावरील तेलकट मळात शेपट्या रुततात, बाहेर राहिलेली डोकी पाण्याकडे ओढतात, आणि मळ पाण्याबरोबर निघून जातो. पाण्याचे पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन असते, ते या पदार्थाने जवळजवळ निम्म्यावर येते. साबणही हेच करतो, पण खारपाणपट्ट्यासारख्या ठिकाणच्या दुष्फेन पाण्यात साबणाचा साका बनून तो केसांना चिकटतो. शाम्पूतील अपमार्जकाला ती अडचण येत नाही.

अफवेत सत्याचा एक कण मात्र आहे. मळातले तेल आणि कातडीतले तेल यांत या रेणूला फरक कळत नाही. तो कातडी कोरडी करतो, डोळ्यांत गेला तर झोंबतो. कातडीचा दाह कसा होतो हे अभ्यासण्यासाठी त्वचातज्ज्ञ मुद्दाम हाच पदार्थ वापरतात. १९८३ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या मंडळाने निष्कर्ष काढला की, थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकण्याच्या वस्तूंत तो चालेल. कातडीवर बराच काळ राहणाऱ्या वस्तूंत त्याचे प्रमाण शेकडा एकाहून जास्त नसावे. तुमच्या डोक्याची आग होत असेल तर शाम्पू बदला किंवा कमी वापरा. त्यासाठी कर्करोगाची भीती कशाला हवी?

दुसरे नाव फॉर्माल्डिहाइडचे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतील बेडूक ज्यात बुडालेला असतो ते फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातील घट्ट द्रावण. काही परिरक्षक द्रव्ये शाम्पूत हळूहळू किंचित फॉर्माल्डिहाइड सोडतात, त्यामुळे बाटलीत जंतू वाढत नाहीत. त्याची वाफ वर्षानुवर्षे श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांना नाक-घशाचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेले आहे. त्याच वेळी तुमच्या-आमच्या रक्तात, शरीराने स्वतःच बनविलेले, लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम फॉर्माल्डिहाइड नेहमी असते. शाम्पूपुरता खरा प्रश्न आहे तो ॲलर्जीचा. म्हणूनच युरोपात २०२२ सालच्या नियमाने, दशलक्षात १० भागांहून जास्त फॉर्माल्डिहाइड सुटत असेल तर तसे वेष्टनावर छापणे बंधनकारक केले.

पॅराबेनच्या भीतीला जोर आला तो २००४ साली. इंग्लंडमधील संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या २० गाठी तपासल्या आणि त्यांत पॅराबेन आढळले. निरोगी ऊती मात्र त्यांनी शेजारी ठेवून तपासल्या नव्हत्या. वहीतला चौकोन काढून पाहा, कोणती घरे रिकामी राहिली ते दिसेल.

प्रत्येक ओरड खोटीच असते असे मात्र समजू नका. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ मध्ये, पाण्याशिवाय केसांवर फवारायचे काही कोरडे शाम्पू एका मोठ्या कंपनीने बाजारातून परत मागविले. त्यांत बेंझीन आढळले होते, आणि बेंझीन रक्ताचा कर्करोग करते याबद्दल शंका नाही. ते घटकांच्या यादीत नव्हतेच. फवारा उडविणाऱ्या वायूबरोबर अशुद्धी म्हणून आले होते. नावे वाचून घाबरणाऱ्याला ते कधीच सापडले नसते. ते प्रयोगशाळेत मोजल्यावर सापडले, शेगावच्या गव्हातल्या सेलेनियमसारखेच.

"मग आपला रिठा बरा," असे आजी म्हणते. रिठा बरा आहेच, मलाही आवडतो. पण रिठ्याचा फेस ज्याने होतो ते सॅपोनिनही रसायनच आहे, ते डोळ्यांत शाम्पूइतकेच झोंबते, आणि पाण्यात पुरेसे मिसळले तर मासे तडफडून वर येतात. आमचा भंडारा तलावांचा जिल्हा. येथे कोणी रिठ्याचे पाणी तलावात ओतू नये.

करून पाहा

औषधाचा एक ड्रॉपर, सहा स्वच्छ ग्लास आणि थोडा शाम्पू घ्या. पहिल्या ग्लासात एक चमचा शाम्पू आणि नऊ चमचे पाणी हलकेच मिसळा, फेस होऊ देऊ नका. त्यातील एक चमचा दुसऱ्या ग्लासात घेऊन त्यात नऊ चमचे पाणी घाला. असे पाचव्या ग्लासापर्यंत करा. सहाव्यात नुसते पाणी. दर वेळी चमचा व ड्रॉपर नीट विसळून घ्या.

आता सहाव्या ग्लासातील पाणी ड्रॉपरच्या एका खुणेपर्यंत भरून, ड्रॉपर उभा धरून, सावकाश थेंब मोजा. मग पाचव्या, चौथ्या, असे करीत पहिल्या ग्लासापर्यंत या. पृष्ठताण कमी झाले की थेंब लहान होतो, म्हणून तेवढ्याच द्रावणाचे थेंब जास्त भरतात. नुसत्या पाण्याचे ४० थेंब पडत असतील तर पहिल्या ग्लासातील द्रावणाचे ६० किंवा त्याहून अधिक पडतील. पाचव्या ग्लासात लाखात एक भाग शाम्पू आहे, हे गणिताने निश्चित आहे. तुमच्या ड्रॉपरला तो कळतो का? कोणत्या ग्लासापासून कळू लागतो? प्रत्येक ग्लास निदान तीनदा मोजा आणि आकडे जसे येतील तसेच लिहा. विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी मिळाले तर सगळा प्रयोग त्या पाण्याने पुन्हा करा आणि नळाच्या पाण्याचे आकडे शेजारी मांडा.